आडवं पाडायचं नाही

वर्ष-सव्वा वर्षाचं मूल डायपर बदलायला पाठीवर घातलं की पाठीची कमान करतं, पाय झाडतं, गडगडून पालथं होतं आणि उघड्या बुडाने पडवीत पळ काढतं. पायावर उभं राहायला लागलं की हे सुरू होतं, दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान कळस गाठतं आणि अडीच-तीनपर्यंत कमीजास्त चालू राहतं. आमचं पाळणाघर सिंधुदुर्गात किनाऱ्यालगतच्या गावात आहे. या वयाची मुलं कायम असतात, त्यामुळे दिवसभर हे काम हातावेगळं करायचं असतं तेही पाच-सहा पोरांचं. धरून, दाबून, ओरडून ते होत नाही. एकदा होतं, पण पुढच्या वेळी मूल डायपरचं पाकीट बघूनच पळतं.

नवीन मूल आलं की बदलण्याची पद्धत ठरवायच्या आधी आम्ही एकच बघतो, त्याला दुखतंय का. पुसताना आग होत असेल तर मूल विरोध करणारच, तिथे गाणी म्हणून उपयोग नाही. खिडकीपाशी उजेडात नीट बघायचं. ढुंगणाच्या आणि मांड्यांच्या फुगीर भागावर लाली आहे, पण जांघेच्या घड्या स्वच्छ आहेत, तर ओल आणि शी-शू लागून झालेलं पुरळ असतं. झिंक ऑक्साईडचं मलम जाडसर थापलं, डायपर लवकर बदलला आणि रोज थोडा वेळ मोकळं ठेवलं की दोन-तीन दिवसांत उतरतं. मलम प्रत्येक वेळी घासून काढू नये. वरचा मळलेला थर टिपून घ्यायचा आणि त्यावरच नवा द्यायचा, घासल्यानेच निम्मी आग होते. लाली घड्यांच्या आत असेल, गडद असेल आणि कडेला सुट्या बारीक पुटकुळ्या असतील तर ती बहुतेक बुरशी. अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर हे हमखास दिसतं. त्याला बुरशीवरचं मलम लागतं आणि ते डॉक्टरांनी बघून द्यावं. मेडिकलमधून 'खाजेवरचं' म्हणून आणलेल्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉईड असतं. डायपरखाली झाकलेल्या कातडीत ते जास्त शोषलं जातं आणि कातडी पातळ होते. ती ट्यूब घरातल्या मोठ्यांच्या नायट्याला आणलेली असेल तर तिथेच राहू द्या. पावडरही नको, ती घड्यांत गोळा होते आणि उडालेली मुलाच्या श्वासात जाते.

आपल्याकडे आणखी दोन कारणं असतात, ती शहरातल्या पुस्तकांत सापडत नाहीत. मार्च ते मे घरोघरी काजू-आंब्याचं काम चालू असतं. ओले काजूगर सोललेल्या किंवा आंबे काढलेल्या हाताला चीक लागलेला असतो, आणि तोच हात मुलाच्या जांघेला लागला की कातडी भाजल्यासारखी होते. काजूच्या टरफलाचं तेल तर मोठ्यांच्या बोटांची सालं काढतं. असे हात साबणाने धुतले असले तरी शक्यतो दुसऱ्या कुणालातरी डायपर बदलू द्यावा. दुसरं कारण वाळू. संध्याकाळी समुद्रावरून आलेल्या मुलाच्या डायपरच्या कडेला वाळू बसते आणि चालताना मांडी खरवडते. ती कोरड्या फडक्याने पुसायची नाही, पाणी ओतून काढायची.

दुखणं नाही असं कळलं की मग आडवं घालण्याचा प्रश्न येतो. या वयाच्या मुलाच्या जागी जरा जाऊन बघा. डबे रचण्यात गुंग असताना मागून कुणी उचलतं, डोकं मागे जातं, समोरचं सगळं जाऊन फक्त छप्पर दिसतं, दोन्ही घोटे एका मुठीत पकडले जातात आणि बुडाला थंडगार वाईप लागतो. जे नुकतं चालायला शिकलंय त्याचे पायच धरून ठेवायचे, तर ते भांडणारच. म्हणून आमच्याकडे साधारण वर्षानंतर पाठीवर घालणं बंद. शूचा डायपर उभ्यानेच बदलतो. गावातल्या आज्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. "तेका उभ्यानच घाल गो," हे आम्ही कितीदा तरी ऐकलंय, आणि आज्यांचं बरोबर असतं.

आधी तयारी, मग हाक, हा क्रम उलटा झाला की सगळं फसतं. पँटवाला नवा डायपर कंबरेला दोन्ही हातांनी ताणून सैल करून ठेवायचा आणि पायाकडच्या झालरी बाहेर काढायच्या. कोमट पाण्यात पिळलेलं एक फडकं, एक कोरडं फडकं, मलमाचं झाकण उघडलेलं, जुना डायपर गुंडाळायला कागद, हे सगळं हाताच्या अंतरावर हवं. त्यानंतर मुलाला सांगायचं. "दोन मिनिटांत" हे त्याला कळत नाही. "हे तीन डबे रचले की डायपर" हे कळतं, कारण तिसरा डबा त्याला दिसतो. तिसरा डबा ठेवला की लगेच सुरुवात. तिथे आपणच फोन घेऊन बसलो तर पुढच्या वेळी त्या बोलण्याला किंमत राहत नाही.

मूल गजाच्या खिडकीपाशी उभं राहतं. खिडकी उंच असेल तर धरायला मुलाच्या छातीएवढ्या उंचीचं जड बाकडं चालतं. दोन्ही हातांनी गज धरले की तोल जात नाही, हात गुंतलेले राहतात आणि बाहेर कोंबड्या, कुत्रा, रस्त्यावरची एसटी असं काहीतरी चालू असतंच. बदलणाऱ्याने पाटावर बसायचं, मुलाच्या मागे, जरा बाजूला. समोर बसलं की मूल आपल्या अंगावर रेलतं आणि त्याला आपल्या तोंडापलीकडे काही दिसत नाही.

जुन्या डायपरच्या दोन्ही बाजूंच्या शिवणी वरून खाली फाडायच्या. एक हात खाली मध्ये धरून डायपर मागच्या बाजूला ओढून काढायचा, म्हणजे मळ पुढे येत नाही. पुसायचंही पुढून मागे, मुलीच्या बाबतीत तर कटाक्षाने. जांघेच्या घड्या बोटाने उघडून पुसायच्या. मुलग्याची पुढची कातडी मागे ओढायची नाही, बाहेरून पुसलं की झालं. मग कोरड्या फडक्याने टिपायचं. घासायचं नाही. अर्धा मिनिट तसंच राहू द्यायचं, तेवढ्यात बाहेरची एक कोंबडी मोजून होते. नवा डायपर मोज्यासारखा पूर्ण गोळा करून एकेका पायाखाली धरायचा. "हा पाय वर, आता तो पाय वर." दोन्ही पाय आत गेले की गुडघ्यापर्यंत, मग एका दमात कंबरेपर्यंत. आधी मागची बाजू, नंतर पुढची. पुढची आधी ओढली तर मागची बुडाखाली अडकते आणि मूल चालताना डायपर घसरत जातो. मुलगा असेल तर शूची जागा खाली वळलेली हवी, वर राहिली तर शू कंबरेतून बाहेर येते आणि आई म्हणते डायपर वाईट. शेवटी मांडीभोवती बोट फिरवून झालर बाहेर काढायची. गळणाऱ्या डायपरपैकी बरेच या आत दुमडलेल्या झालरीमुळे गळतात.

घरात चिकटपट्टीवाले डायपर उरलेले असतील तर एका बाजूची पट्टी आधीच सैलसर लावून ठेवायची. मग तो अर्धा पँटसारखा चढवता येतो आणि उभ्याने फक्त एकच पट्टी लावायची राहते. माप पाकिटावरच्या वजनावरून घ्यावं. पँट डायपरमध्ये साधारण एम ७ ते १२ किलो, एल ९ ते १४, एक्सएल १२ ते १७ अशी मापं असतात आणि एकमेकांवर चढतात. मांडीला लाल वळ उठत असेल, कंबरेत दोन बोटं जात नसतील, तर वजन काही असो, पुढचं माप घ्या. घट्ट डायपरची चीड मूल बदलण्याच्या वेळीच काढतं.

शीचा डायपर खिडकीपाशी उघडायचा नाही. मुलाला पाठ आपल्या पोटाशी, तोंड बाहेर, असं उभं उचलून थेट न्हाणीत न्यायचं. न्हाणीत रबरी चटई हवी, नाहीतर पाय घसरतो. रिकामी बादली पालथी घालून भिंतीला टेकवून ठेवली की मुलाला धरायला आधार होतो. भरलेली बादली किंवा घंगाळ मात्र मूल न्हाणीत असताना जवळ नको. वीतभर पाण्यातही एवढं मूल बुडू शकतं, आणि टॉवेल आणायला गेलेलं माणूस 'आत्ताच तर गेले' असंच म्हणतं. बंबाचं पाणी घेताना आधी गार पाणी, मग त्यात गरम, आणि कोपराने बघून मगच तांब्या. डायपर फाडल्यावर त्याच्याच आतल्या स्वच्छ भागाने पुढून मागे एकदा पुसून घ्यायचं, तो बाजूला करायचा आणि मग पाणी ओतायचं, तेही पुढून मागे. साबण दर वेळी लागत नाही. शी घट्ट असेल तर एवढ्यात काम होतं. आंबा-फणसाच्या दिवसांत पातळ असते, तेव्हा सदरा आधी वर खोचून घ्या, नाहीतर कपडे बदलण्याचं दुसरं भांडण ओढवून घ्याल.

कधी धरूनच बदलावं लागतं. मूल शीने माखलंय, रडतंय, थांबवता येत नाही. अशा वेळी समजावत बसू नये, एका वाक्यात सांगून हात चालवावा: "तुला नकोय, कळलं मला. धुऊन घेऊ, मग खेळायला." आवाज खाली ठेवायचा. बागुलबुवा, इंजेक्शनवाला डॉक्टर, 'आई सोडून जाईल' यांतलं काही काढायचं नाही. इंजेक्शनची धमकी दिलेलं मूल पुढे लसीच्या दिवशी काय करतं ते त्याच आईला भोगावं लागतं. मोबाईलबद्दल आमचं मत सरळ आहे. चालतो, पहिले काही दिवस फारच छान चालतो, आणि मग त्याच्याशिवाय डायपर बदलता येत नाही. पावसात लाईट गेली, नेटवर्क गेलं, की घरच्यांचे हाल. त्यापेक्षा फक्त बदलण्याच्या वेळीच हाती येणारी एक वस्तू ठेवावी. आमच्याकडे झाकणाचा स्टीलचा डबा आहे, आत करवंटीचा तुकडा आणि दोन मोठे शंख. मुलाच्या तोंडात मावेल असं त्यात काही नाही. काम झालं की डबा फळीवर.

कपड्यांचं भांडण वेगळं असतं आणि ते बहुतेक गळ्याशी होतं. डोकं सदऱ्यात अडकलं की क्षणभर अंधार होतो, नाक दाबलं जातं, कान मुडपतात. म्हणून सदरा पूर्ण गोळा करून त्याची गळ्याएवढी रिंग करायची, दोन्ही हातांनी ताणायची, आधी डोक्याच्या मागून टेकवायची आणि मग तोंडावरून झर्रकन खाली घ्यायची. "बाळ कुठे गेलं? भोऽऽ" म्हणेपर्यंत तोंड बाहेर आलं पाहिजे. काढताना आधी बाह्या, मग पुढची बाजू हनुवटीवरून आणि नाकावरून वर, शेवटी मागची. बाही घालताना आपला हात मनगटाच्या बाजूने आत घालून मुलाची मूठ पकडायची आणि कापड वर ओढायचं. मुलाचा हात ओढायचा नाही. एक ते चार वर्षांच्या मुलाचा हात झटक्याने ओढला तर कोपराचं हाड जागेवरून सरकू शकतं. असं झालं की मूल तो हात लोंबता ठेवतं, वापरत नाही, हात लावला की रडतं. चोळायला कुणाकडे नेऊ नका, सरळ डॉक्टरांकडे न्या. ते बहुतेक वेळा तिथल्या तिथे बसवून देतात.

पुढून बटणांचं किंवा खांद्यावर उघडणारं झबलं असेल तर निम्मं भांडण होतच नाही. मानेमागचं लेबल कापून टाका, पण कापलेल्याचं टोक राहू देऊ नका, ते लेबलापेक्षा जास्त टोचतं. आणि "सदरा घालायचा का?" असं विचारूच नये. उत्तर "नुको" येणार आणि ते आपण मानणार नाही, मग विचारलं कशाला? "लाल घालायचा की निळा?" हे खरं विचारणं. दोनच पुढे करायचे, कपाट उघडून दाखवायचं नाही. काढायचं काम मुलाला द्या. घालण्याच्या कितीतरी आधी मुलाला काढता येतं, आणि टोपी, मोजे, चड्डी स्वतः काढलेलं मूल पुढचं घालून घ्यायला जास्त राजी असतं. चड्डी आपण गुडघ्यापर्यंत चढवायची आणि वर त्याने ओढायची. मागे डायपरवर अडकते तेवढी गुपचूप सोडवायची.

गणपतीत एरवी सरावलेलं मूलही हटून बसतं, त्याला कारण जरीचा कुर्ता. जरीचा धागा मानेला आणि काखेला बोचतो. आत मऊ सुती बनियन, कुर्ता अगदी आरतीच्या आधी, फोटो काढून झाले की काढायचा. पाहुण्यांना वाईट वाटत नाही, त्यांनाही स्वतःचा काढायचा असतो.

आता पावसाळा. दक्षिण कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर, आणि त्या दिवसांत मूल कपडे घालू देत नाही याचं साधं कारण कपडे ओलसर असतात. हाताला सुके वाटतात. कंबरेचं इलॅस्टिक दोन बोटांत दाबून बघा, गार लागलं तर आत पाणी आहे. शिवणी, खिसा, गळपट्टी सगळ्यात शेवटी सुकतात आणि नेमक्या तिथेच मुलाचं अंग लागतं. म्हणून पावसाळ्यात खिसे, अस्तर, जाड इलॅस्टिक असलेले कपडे बांधून ठेवावेत. नाडीची पातळ सुती चड्डी बरी. लंगोट वापरत असाल तर शिवलेले जाड घडीचे नकोत, ते दोन दिवस लोंबत राहतात. जुन्या सुती पातळाचे किंवा धोतराचे चौकोन घेऊन वापरताना घडी घाला, धुताना उलगडा. एकेरी कापड वलणीवर पंख्याखाली रात्रीत सुकतं. दिवसा डायपर न घालणाऱ्या मुलाला आठ-दहा लंगोट लागतात, पावसाळ्यात तीन दिवसांचा साठा धरून तीसेक असावेत.

पडवीतल्या वलणीवर कपड्यांत बोटभर अंतर ठेवा, एकावर एक टाकलेले सुकत नाहीत, कुबट होतात. चुलीवरच्या दांडीवर सुती कापडच टाकावं, तेही ठिणगी पोचणार नाही इतक्या उंचीवर. नायलॉनचं आखडतं, वितळतं. धुराचा वास मुलाला चालतो, डोळे चुरचुरत असतील तर चालत नाही. घालण्याआधी शिवणींवर आणि कंबरेवर इस्त्री फिरवा, पण कापड कोमट असतानाच घालू नका, हाताला साधं लागेपर्यंत थांबा. कुबट वास आला तर कपडा सुकवण्यात अर्थ नाही, गरम पाण्यात पुन्हा धुवावा. सुवासिक कंडिशनर लंगोटांना लावू नये, कापड पाणी शोषेनासं होतं. साबण राहिलाय का ते बघायला धुतलेला लंगोट स्वच्छ पाण्यात चोळायचा, फेस आला तर अजून एकदा खळबळायचा.

वापरलेल्या डायपरमधली शी संडासात टाकून, डायपर घट्ट गुंडाळून कागदात बांधून कचऱ्यात द्यायचा. २०१६ च्या घनकचरा नियमांत तो सुक्या कचऱ्यात द्यायला सांगितलं होतं, २०२६ च्या नियमांत वेगळा. डायपर संडासात टाकला तर शोषखड्डा तुंबतो, आतली जेल पाणी पिऊन फुगते. पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, टाकला तर पहिल्या पावसाला खालच्या वाडीत आणि मग किनाऱ्यावर येतो. घंटागाडी येत नसलेल्या वाडीत दिवसा लंगोट आणि रात्री डायपर एवढंच परवडतं.

विरोध सव्वा-दीड वर्षाचा असेल तर तो उभ्याने बदलल्यावर बहुतेक ओसरतो. दोनच्या पुढे पुन्हा वाढला तर आम्ही वेगळं बघतो. डायपर दोन-दोन तास कोरडा राहतोय का, शी करायला मूल दाराआड किंवा पलंगामागे जातंय का, ओला झाला की स्वतःच ओढतंय का. हे दिसत असेल तर त्याला डायपर बदलून नकोय, काढून हवाय. मग सकाळी उठल्यावर, जेवल्यानंतर आणि झोपायच्या आधी बसवायला सुरुवात करावी, पाच मिनिटांच्या वर नाही, झाली नाही तरी उठवायचं. भारतीय संडासाच्या भांड्यावर एकट्याने बसवू नका, पाय फाकत नाहीत आणि भीती बसते. अंगणात कडेला किंवा छोट्या भांड्यावर बसवा, पाय जमिनीला टेकलेले हवेत. घाई नसेल तर सुरुवात पावसात करू नये. दिवाळीनंतर चड्ड्या तासाभरात सुकतात, उघड्या अंगाने फिरवता येतं, फक्त दुपारी तापलेल्या चिऱ्यांवर बसवायचं नाही. पहिल्या आठवड्यासाठी बारा चड्ड्या, घरात एक फडकं आणि बादली तयार. रात्रीचा डायपर त्यानंतरही कित्येक महिने चालू राहतो, तो झोपेत काढून बदलायची गरज नसते. शी झाली असेल, गळत असेल किंवा पुरळ असेल तरच उठवा.